सर्व्हर सुरूच होईना, तर त्याला दुरून कसं उठवतात?



"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीनं कधी ना कधी ऐकलंय. रेशनच्या दुकानात ऐकलंय, बँकेत ऐकलंय, सातबारा काढायला गेल्यावर ऐकलंय. एखादी बाई त्या दिवसाची मजुरी बुडवते, लेकरू शेजारणीकडे ठेवते, एस.टी.चं तिकीट काढून तालुक्याला जाते आणि हे एक वाक्य ऐकून परत फिरते. तिला काही विचारताही येत नाही. सर्व्हर म्हणजे काय, तो कुठं असतो, डाऊन झाला म्हणजे त्याला नेमकं काय झालं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

असे सर्व्हर दुरून सांभाळणं हे माझं काम. म्हणून आज मी तुम्हाला या कामातली एकच गोष्ट नीट सांगणार आहे. शेकडो मैलांवरचा सर्व्हर बंद पडला आणि पुन्हा सुरूच होईना, तर तिथं कुणीही न जाता त्याला कसं उठवतात? ऐकताना घाबरू नका. यातलं निम्मं तुम्हाला आधीच माहीत आहे, फक्त त्याची नावं वेगळी आहेत.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. सर्व्हर हा एक संगणकच असतो. त्याला आपल्यासारखा पडदा नसतो, टायपिंगचा कीबोर्ड नसतो. मुंबई, पुणे, हैदराबाद अशा ठिकाणी मोठ्या थंड खोल्या असतात. तिथं लोखंडी मांडण्यांवर असे संगणक एकावर एक रचून ठेवलेले असतात. तुम्ही दुकानात अंगठा लावता, ती खूण टॉवरवरून आणि वायरीतून अशा एखाद्या संगणकाकडे जाते. तो आपल्याकडची नोंद बघतो आणि उत्तर पाठवतो. चोवीस तास तो हेच करत असतो.

एक गोष्ट इथंच लक्षात ठेवा. "सर्व्हर डाऊन" असं म्हणतात तेव्हा दर वेळी सर्व्हरच बिघडलेला असतो असं नाही. कधी गावातला टॉवर बंद असतो, कधी दुकानातल्या मशीनची बॅटरी उतरलेली असते, कधी मधली वायर रस्त्याच्या खोदकामात तुटलेली असते. सर्व्हर बिचारा तिकडे ठणठणीत असतो. पण नाव त्याचंच घेतलं जातं.

आता खरोखरच सर्व्हर बंद पडला असं धरू. कुणीतरी तो बंद करून पुन्हा चालू केला आणि तो उठेना. असं का होतं?

संगणक चालू होणं म्हणजे माणसानं झोपेतून उठण्यासारखं असतं. ते एका क्षणात होत नाही, त्याच्या पायऱ्या असतात. वीज आली की आधी आतल्या एका चिपमध्ये कोरून ठेवलेला छोटासा कार्यक्रम जागा होतो. तो हातपाय हलवून बघतो: स्मृती आहे का, डिस्क आहे का, पंखा फिरतोय का. मग तो डिस्कवरून दुसरा थोडा मोठा कार्यक्रम उचलतो. तो दुसरा कार्यक्रम मुख्य प्रणालीला उठवतो. मुख्य प्रणाली डिस्कवरचे कप्पे उघडते, मग नेटवर्क जोडते आणि सगळ्यात शेवटी आपलं रोजचं काम सुरू करते. या सगळ्याला बूट होणं म्हणतात.

यातली कुठलीही पायरी चुकली की तो तिथंच थांबतो. डिस्क जुनी होऊन खराब झाली असेल. डिस्कवर लिहिणं चालू असतानाच वीज गेली असेल आणि अर्धवट लिहिलेलं तसंच राहिलं असेल. कुणी नवी सुधारणा घातली असेल आणि ती त्या यंत्राला मानवली नसेल. किंवा नसलेला कप्पा उघडण्याची सूचना कुणीतरी यादीत लिहून ठेवली असेल आणि यंत्र तो कप्पा शोधत बसलं असेल.

आता खरी अडचण कुठं आहे ते बघा. सर्व्हर चालू असतो तेव्हा मी माझ्या घरातून नेटवर्कवरून त्याच्या आत जाऊन काम करू शकते. पण नेटवर्क जोडणं ही उठण्यातली शेवटाकडची पायरी आहे, हे आत्ताच आपण पाहिलं. तो त्याच्या आधीच अडला, तर मला आत जायला वाटच उरत नाही. घराला आतून कडी लावलेली आहे आणि कडी काढणारा माणूस आतच निपचित पडलाय, अशी ती गत होते. बाहेरून कितीही हाका मारा, उपयोग नाही.

मग काय करतात? याचं उत्तर तुमच्यापैकी कित्येकींच्या विहिरीवर बसवलेलं आहे.

मोबाईल स्टार्टर आठवा. रात्री दोन वाजता शेतीची लाईट येते. पूर्वी घरातल्या माणसाला कंदील घेऊन, विंचू-सापाच्या भीतीनं, विहिरीवर जावं लागायचं. आता पेटीत एक लहान यंत्र बसवतात, त्यात एक सिमकार्ड असतं. घरून फोन लावला की मोटर सुरू होते, पुन्हा लावला की बंद होते. यातलं मर्म काय? मोटर झोपलेली असते, पण तिच्याशेजारचं ते छोटं यंत्र जागं असतं. ते मोटरीवर अवलंबून नसतं. त्याची फोनची वाट वेगळी असते.

चांगल्या सर्व्हरमध्ये अगदी हेच असतं. मोठ्या संगणकाच्या पोटात आणखी एक छोटा संगणक बसवलेला असतो. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर म्हणतात, थोडक्यात बीएमसी. मुंबईची महापालिका नव्हे बरं! आपण त्याला राखणदार म्हणू. मोठा संगणक बंद असला तरी वायरीत वीज आहे तोवर राखणदार जागा असतो. त्याला नेटवर्कची स्वतःची वेगळी वायर जोडता येते. १९९८ साली इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी अशा राखणदारांशी बोलायची एक सामाईक रीत ठरवली. त्यामुळे यंत्र कुठल्याही कंपनीचं असलं तरी त्याला ठरावीक हुकूम देता येतात.

या राखणदाराला मी दुरून काय काय सांगू शकते? मोठा संगणक बंद कर, चालू कर. आत किती गरम झालंय, कुठला पंखा थांबलाय ते सांग. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्याच्या पडद्यावर या क्षणी कुठली अक्षरं दिसताहेत ती मला दाखव आणि मी इथं दाबीन ते बटण तिथं दाबल्यासारखं कर. म्हणजे मी प्रत्यक्ष त्या खोलीत उभी असल्यासारखंच झालं. बिघाड दिसला की निम्मं काम झालं. आजार कळल्याशिवाय औषध देता येत नाही, तसंच हे.

पण समजा, डिस्कवरची मुख्य प्रणालीच खराब झालीय. पडदा दिसतोय, बटणंही दाबता येताहेत, पण उठवायचं कुणाला? इथं दुसरी युक्ती लागते. आपल्या आज्यांच्या काळी काडेपेटी सगळ्यांना परवडत नसे. सकाळी चुलीतला विस्तव विझलेला दिसला की बाई शेजारणीकडे जायची आणि गोवरीवर निखारा घेऊन यायची. त्या उसन्या निखाऱ्यावर आपली चूल पेटवायची. सर्व्हरलाही असंच करता येतं. त्याला सांगायचं की आज तू तुझ्या डिस्ककडे बघू नकोस. शेजारच्या सर्व्हरकडून नेटवर्कवरून एक छोटी प्रणाली उसनी घे आणि तिच्यावर जागा हो. याला नेटवर्क बूट म्हणतात. किंवा राखणदाराकरवी, माझ्याकडची दुरुस्तीची सीडी त्याच्या पोटात घातल्याचं त्याला भासवायचं. या उसन्या प्रणालीवर तो उठला की मी आत जाते, त्याची खरी डिस्क उघडून बघते, चुकलेली ओळ दुरुस्त करते, भरून वाहिलेला कप्पा रिकामा करते आणि मग त्याला सांगते, आता तुझ्या स्वतःच्या डिस्कवरून ऊठ.

तिसरी युक्ती बियाण्याची आहे. नवं वाण बाजारात आलं म्हणून शहाणी शेतकरीण घरचं जुनं बियाणं विकून टाकत नाही. नवं उगवून आलं, पीक हाती आलं, की मग जुन्याचं काय करायचं ते ठरवते. सर्व्हरमध्येही चालू प्रणालीच्या दोन प्रती ठेवता येतात. सुधारणा दुसऱ्या प्रतीत घालायची आणि तिच्यावरून उठून बघायचं. उठणं नीट जमलं तर ठीक. नाही जमलं, तर यंत्र आपण होऊन जुन्या प्रतीवर परत जातं. तुमच्या हातातल्या पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय आहे. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून ती मिळू लागली.

चौथी गोष्ट पहारेकऱ्याच्या घड्याळाची. यंत्रात एक घड्याळ उलटं मोजत असतं. मुख्य प्रणाली जागी असेल तर ती ठरावीक वेळानं त्या घड्याळाला सांगते, "मी आहे." मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हाक आलीच नाही आणि मोजणी शून्यावर आली, तर ते घड्याळ यंत्र बंद करून पुन्हा चालू करतं. माळ्यावर राखण करणारा माणूस साद देईनासा झाला की आपण जाऊन त्याला हलवतो, तसंच. पण नुसतं हलवून उठवण्यात एक धोका आहे. उठण्याच्या वाटेवरच बिघाड असेल, तर यंत्र उठतं, पडतं, पुन्हा उठतं, पुन्हा पडतं. हे फेरे थांबतच नाहीत.

आणि हे असं एकदा कुठं घडलं माहीत आहे? मंगळावर.

अमेरिकेच्या नासा या संस्थेनं स्पिरिट नावाची सहा चाकांची गाडी मंगळावर पाठवली होती. ती २००४ च्या जानेवारीच्या सुरुवातीला तिथं उतरली. २१ जानेवारीला तिच्याकडून येणारी माहिती बंद झाली. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत बसलेल्या अभियंत्यांना दोन दिवसांनी थोडे तुटक निरोप मिळाले. त्यावरून कळलं की गाडीतला संगणक पुन्हा पुन्हा बंद होऊन चालू होतोय. साठाहून जास्त वेळा तो असा पडला आणि उठला होता. त्यात रात्री झोपायचंही त्याला जमत नव्हतं, त्यामुळे बॅटरी संपत चालली होती.

तिथं कोण जाणार? रेडिओचा निरोप पोचायलाच एका बाजूनं साधारण दहा मिनिटं लागत होती. पण गाडीत एक सोय मुद्दाम ठेवलेली होती. मुख्य प्रणालीला न विचारता थेट यंत्राला लागू होणारे काही हुकूम दुरून देता येत होते. अभियंत्यांनी विचार केला की उठताना हा संगणक काय काय करतो? तो आपली कायमची साठवण उघडतो, तिथल्या फायलींची यादी वाचतो. तिथंच अडत असेल का? त्यांनी हुकूम पाठवला: साठवणीला हात लावू नकोस, तिच्याशिवाय ऊठ. आणि गाडी उठली, शांत राहिली, बोलू लागली.

मग बिघाड सापडला. साठवणीत फायली फार झाल्या होत्या. मंगळापर्यंतच्या प्रवासातल्या जुन्या फायलीही तशाच पडून होत्या. त्या सगळ्यांची यादी मांडायला उठताना जी स्मृती लागायची, ती पुरत नव्हती. म्हणून संगणक अडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. अभियंत्यांनी नको त्या फायली काढल्या, फेब्रुवारीत ती साठवण पुसून नव्यानं मांडली आणि गाडी कामाला लागली. नव्वद दिवसांच्या कामासाठी पाठवलेली ती गाडी २०१० च्या मार्चपर्यंत पृथ्वीशी बोलत होती.

या गोष्टीतून एक ध्यानात घ्या. अभियंते हुशार होतेच. पण हुशारीला वाव मिळाला, कारण गाडी बनवताना कुणीतरी आधीच विचार करून दुसरी वाट ठेवली होती. संकट आल्यावर वाट खोदता येत नाही. ती आधीच असावी लागते.

आता वाट नसेल तर काय होतं, तेही सांगते. १९ जुलै २०२४ चा दिवस आठवतो का? क्राउडस्ट्राइक ही संगणकांची सुरक्षा पाहणारी कंपनी. तिनं एक सदोष सुधारणा जगभरच्या संगणकांवर एकदम पाठवली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. ते चालू होताना निळ्या पडद्यावर येऊन थांबायचे, पुन्हा चालू व्हायचे, पुन्हा थांबायचे. विमानं रखडली, दवाखान्यांची कामं अडली. आपल्या देशातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले पास द्यावे लागले.

कंपनीनं चूक साधारण सव्वा तासात मागे घेतली. पण जे संगणक आधीच पडले होते, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? ते नेटवर्कपर्यंत उठतच नव्हते. उपाय अगदी छोटा होता. यंत्र सुरक्षित पद्धतीनं चालू करायचं आणि एक फाईल काढून टाकायची. पण त्यासाठी पुष्कळ ठिकाणी प्रत्येक संगणकासमोर एकेक माणूस जाऊन उभा राहिला. शिवाय कित्येक संगणकांच्या डिस्कला कुलूप होतं. ते उघडायला ४८ आकडी किल्ली लागत होती, आणि काही ठिकाणी ती किल्ली अशाच पडलेल्या सर्व्हरवर ठेवलेली होती. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार लावून घेण्यासारखंच हे.

त्याहीआधीचा एक प्रसंग तुम्ही सगळ्यांनी भोगला आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप बंद पडलं. गटाचे निरोप जाईनात, फोटो जाईनात. फेसबुकच्या माणसांनी देखभालीचं काम करताना दिलेल्या एका हुकुमामुळे त्यांच्या सगळ्या केंद्रांमधली जोडणी तुटली होती. यंत्रं शाबूत होती, पण तिथं पोचायची नेहमीची वाट बंद झाली होती आणि अडचणीसाठी ठेवलेली वेगळी वाटही चालेना. शेवटी माणसं प्रत्यक्ष त्या इमारतींमध्ये पाठवावी लागली. तिथली सुरक्षा इतकी कडक की आत जाऊन यंत्राला हात लावायलाही वेळ गेला. साधारण सहा तासांनी सेवा सुरू झाली. म्हणजे दुसरी वाट असून भागत नाही. पहिली तुटली तर दुसरी टिकते का, हेही आधी बघून ठेवावं लागतं.

दुरून सगळंच होतं असंही मी म्हणणार नाही. वीज पुरवणारा भाग जळला, डिस्क कायमची मेली, तर कुणाला तरी जाऊन ती बदलावी लागते. म्हणून जाणती माणसं एका डिस्कच्या जागी दोन ठेवतात. एक गेली तरी दुसरीवर काम चालतं आणि माणूस पोचेपर्यंत वेळ मिळतो. राखणदारही कधी गुंगतो. त्यासाठी दुरून चालू-बंद करता येणारी विजेची पट्टी बसवतात. तिनं वीज तोडून पुन्हा जोडली की राखणदारासकट सगळं नव्यानं उठतं.

आणि राखणदार ठेवला की त्याची किल्लीही सांभाळावी लागते. तुमच्या मोबाईल स्टार्टरचा नंबर कुणाही ऐऱ्यागैऱ्याला कळला आणि कुणाचाही फोन घेण्याची मुभा असली, तर तो मध्यरात्री तुमची मोटर चालवील. सर्व्हरचा राखणदार तर त्याहून मोठा. त्याच्या हाती सगळं घर असतं. म्हणून यंत्र विकत घेताना आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा आणि त्याची वाट उघड्या इंटरनेटवर ठेवायची नाही.

बरं, आता आपल्या गावाकडे येऊ. ग्रामपंचायतीत, दूध संकलन केंद्रावर, ग्रामसंघाच्या कचेरीत, आपल्या रेडिओ केंद्रावरही संगणक आहेत. तिथं अनेकदा मुलीच काम करतात. यंत्र बिघडलं की दुरून सांभाळणाऱ्या माणसाचे डोळे आणि हात त्याच असतात. अशा मुलींसाठी चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, यंत्र उठत नसेल तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. ते आतून स्वतःची दुरुस्ती करत असेल आणि तुम्ही मध्येच वीज तोडली, तर बिघाड वाढतो. दुसरी, पडद्यावर दिसतंय त्याचा फोटो काढा. इंग्रजी कळत नसलं तरी चालेल, फोटो सगळं सांगतो. तिसरी, कुठले दिवे लागलेत, कुठल्या रंगाचे, यंत्र किती वेळा टूं टूं वाजलं, हे लिहून ठेवा. त्या आवाजाच्या संख्येलाही अर्थ असतो. चौथी, बिघाडाच्या आधी काय घडलं होतं ते आठवा. वीज गेली होती? कुणी नवीन काही घातलं होतं? पेन ड्राइव्ह लावलेला तसाच राहिलाय? पुष्कळदा यंत्र त्या पेन ड्राइव्हवरून उठायला बघत असतं. तो काढला की सुरळीत चालू होतं. एवढी माहिती फोनवर नीट सांगणारी मुलगी असली, तर दुरच्या माणसाचं काम कितीतरी सोपं होतं.

आता गटांसाठी. गटाचा हिशेब मोबाईलवर किंवा संगणकावर ठेवायची सूचना आली, तर नाही म्हणू नका, पण पाच प्रश्न विचारा. एक, हे बंद पडलं तर त्या दिवशी आमची बैठक आणि कर्जवाटप कसं चालेल? दोन, आमच्या नोंदींची दुसरी प्रत कुठं आहे आणि ती वेगळ्या जागी आहे ना? तीन, त्या प्रतीवरून हिशेब पुन्हा उभा करून कुणी कधी बघितलाय का? न तपासलेली प्रत म्हणजे न पेरून बघितलेलं बी. चार, पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे? एकट्या सचिवाला माहीत असेल आणि ती बाळंतपणाला माहेरी गेली, तर गट अडतो. बंद पाकिटात लिहून, अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या करून तो पेटीत ठेवा. पाच, बिघाड झाला तर फोन कुणाला करायचा आणि तो किती वेळात उत्तर देणार? आणि काहीही झालं तरी प्रत्येकीचं कागदी पासबुक चालू ठेवा. त्याला वीज लागत नाही.

शेवटची गोष्ट रेशनची, आणि ती नीट ऐका. सर्व्हर बंद पडणं ही यंत्राची अडचण आहे. ती तुमच्या घरच्या ताटापर्यंत येता कामा नये. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागानं सगळ्या राज्यांना लेखी कळवलेलं आहे की नेटवर्क नाही, जोडणी नाही, अंगठा जुळत नाही किंवा दुसरं काही तांत्रिक कारण आहे, म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये. रेशनकार्ड आणि आधारकार्ड प्रत्यक्ष पाहून, वेगळ्या वहीत नोंद करून धान्य द्यावं. म्हणजे तिथंही दुसरी वाट ठेवलेली आहे. ती आपल्याला माहीत नसते, म्हणून बंद राहते.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात "सर्व्हर डाऊन, उद्या या" ऐकलं, की शांतपणे विचारा, "दादा, मशीन चालत नसेल तेव्हा नोंद करायची वही कुठं आहे? त्यात माझी नोंद करा." एकटीनं विचारायला संकोच वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून जा. तारीख आणि वेळ लिहून ठेवा. दाद लागली नाही तर १९६७ या नंबरवर तक्रार करता येते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. गटाच्या बैठकीत हा विषय घ्या, कुणाला किती वेळा परत पाठवलं त्याची यादी करा आणि ती यादी घेऊन तहसील कचेरीत जा. एकीची तक्रार बाजूला ठेवता येते, वीस बायांची सहीची यादी ठेवता येत नाही.

मंगळावरच्या यंत्रासाठी माणसं दुसरी वाट ठेवतात, तर आपल्या गावातल्या बाईच्या पोटासाठी ती ठेवायलाच हवी आणि चालूही असायला हवी. ती मागताना आता तुम्हाला "आम्हाला यातलं काय कळतंय" असं म्हणायचं कारण नाही. कळतंय.

या विषयावर गटात बोलताना काही प्रश्न निघाले, तर ते रेडिओ केंद्राकडे पाठवा. पुढच्या भाषणात त्यांची उत्तरं घेऊ. नमस्कार.